संत्रा आमचा, शिपिंग बिल दुसऱ्याचे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

संत्र्याच्या आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या सुरुवातीला निघणाऱ्या पिकाची, तोडणी जवळ आली की वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड भागात निर्यातीच्या कार्यशाळा सुरू होतात. मंचावरून सल्ला मिळतो : कास्तकारांनो, मधला माणूस सोडा, थेट निर्यात करा. सल्ला खराच आहे. पण घरी जाताना हाती पडते ते आयात-निर्यात कोड कसा काढावा याचे पत्रक, आणि त्या कोडपाशी कोणाचीच निर्यात अडलेली नाही. ती अडते फायटोच्या (कीड-रोग नसल्याच्या प्रमाणपत्राच्या) तपासणीत, बँकेच्या एलसीत (लेटर ऑफ क्रेडिट), बांगलादेश सीमेवरच्या पेट्रापोलच्या रांगेत आणि शेवटी अनुदानाच्या यादीत. त्याबद्दल मंचावरून कोणी बोलत नाही, म्हणून हे लांबलेले पत्र. शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांनी तरी ते पूर्ण वाचावे.

मुख्य मुद्दा आधी सांगतो. बांगलादेशला जाणारा आपला संत्रा अनेकदा व्यापारी बगीच्यातून ठोक्याने, म्हणजे सगळ्या मालाचा एकत्र सौदा करून, उचलतो. सीमेवर कस्टमकडे जो कागद, म्हणजे शिपिंग बिल, दाखल होतो, त्यावर निर्यातदार म्हणून सीमेजवळच्याच एखाद्या भारतीय फर्मचे नाव असते. सरकारच्या दृष्टीने निर्यातदार ती फर्म. सातबारा ज्याचा, त्याचे नाव त्या व्यवहारात कुठेही येत नाही.

याने किती फरक पडतो ते आकड्यात पाहा. २०१९ मध्ये बांगलादेशचा कर किलोमागे आपल्या २० रुपयांच्या आसपास होता. २०२३ च्या हंगामात तो ८८ रुपयांवर गेला. एका ट्रकमध्ये निव्वळ २२ किलोचे ८०० क्रेट, म्हणजे १७,६०० किलो संत्रा धरा. बगीच्यात ३० रुपये भाव मिळाला तर माल ५ लाख २८ हजारांचा, आणि ८८ रुपयांच्या दराने तिकडचा कर १५ लाख ४८ हजार ८०० रुपये. मालाच्या जवळपास तिप्पट. इतका कर भरून आयातदार घेतो तो चांगल्या आकाराचा, डागविरहित माल. बाकीचा इकडेच राहतो आणि चुरीचा (बारीक फळांचा) भाव आणखी पडतो.

डिसेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने या कराच्या निम्मी रक्कम, किलोला ४४ रुपये, अनुदान म्हणून देण्याचे जाहीर केले. आमच्या उदाहरणातल्या एका ट्रकवर ते ७ लाख ७४ हजार ४०० रुपये होतात, मालाच्या किमतीपेक्षाही जास्त. असे कोणतेही अनुदान निर्यातीच्या कागदावर ज्याचे नाव त्यालाच मागता येते. शिवाय घोषणा झाली तेव्हा आंबियाचा मोठा भाग बगीच्यातून निघून गेला होता. ठोक्याने विकलेल्या मालाच्या भावात या रकमेतले काही यावे अशी कोणतीही वाट तिथे उरली नव्हती.

म्हणून निर्यातीचे कागद उत्पादक कंपनीच्या नावावर असणे हे आमच्या मते भावाइतकेच महत्त्वाचे आहे. ते कसे करायचे आणि कुठे बिघडते, ते आता सांगतो.

कोडचा विषय दोन मिनिटांचा आहे. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीएफटीच्या, संकेतस्थळावर अर्ज, ५०० रुपये शुल्क, पॅन, पत्त्याचा पुरावा आणि रद्द केलेला धनादेश. कोडचा क्रमांक म्हणजे तुमचा पॅनच. एकट्या शेतकऱ्यालाही तो मिळतो. मात्र काढल्यानंतर लोक त्याला विसरतात. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात, काहीही बदललेले नसले तरी, संकेतस्थळावर जाऊन तो अद्ययावत करावा लागतो. नाही केला की तो निष्क्रिय होतो. हे कळते नोव्हेंबरमध्ये, ट्रक भरलेला असताना, कस्टमची प्रणाली अर्ज घेत नाही तेव्हा.

त्यानंतर अपेडाची, म्हणजे कृषिमालाच्या निर्यातीसाठीच्या केंद्रीय संस्थेची, नोंदणी, ज्याला आरसीएमसी म्हणतात. पाच हजार रुपये अधिक जीएसटी, मुदत पाच वर्षे. मग ज्या बँकेत परकी पैसा येणार तिथला एडी कोड (परकी चलन हाताळणाऱ्या शाखेचा क्रमांक) आणि खाते कस्टमच्या आइसगेट पोर्टलवर नोंदवायचे. इथे बारीकसारीक चुका फार होतात. पॅनवर ‘प्रोड्युसर कंपनी लिमिटेड’ असे पूर्ण नाव, बँकेत ‘प्रो. कं. लि.’, जीएसटीत तिसरेच काही. खात्याची पडताळणी होत नाही आणि पुढचे सगळे थांबते. तिन्हीकडे अक्षर न् अक्षर एकच नाव करून घेणे हे उन्हाळ्यातले काम आहे, हंगामातले नाही. अध्यक्ष किंवा संचालकाची डिजिटल सहीही तेव्हाच काढून ठेवावी. दर दोन वर्षांनी पदाधिकारी बदलणाऱ्या कंपन्यांमध्ये जुन्या संचालकाची सही नव्या हंगामात चालत नाही.

जीएसटीबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. ताज्या फळांवर जीएसटी नाही. करमुक्त मालाच्या निर्यातीसाठी बाँड किंवा एलयूटी (कर न भरता निर्यात करण्यासाठीचे हमीपत्र) मागता येत नाही, असे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने २०१८ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. तरी काही सल्लागार त्याचे पैसे घेतात. मात्र जीएसटी नोंदणी असेल तर खोके, मेण, पॅकिंग यांवर भरलेल्या कराचा परतावा निर्यातदार मागू शकतो. त्यामुळे नोंदणी करावी की नाही हे खर्चाचा हिशोब करून ठरवावे, कोणी सांगितले म्हणून नाही.

आता मालाचा एचएस कोड, म्हणजे आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला क्रमांक. नागपुरी संत्रा हा मँडरिन गटातला आहे, त्यामुळे त्याचा कोड ०८०५ २१ ००. बिलावर नुसते ‘फ्रेश ऑरेंज’ लिहिले की संगणकावर बसलेला माणूस ०८०५ १० ०० टाकतो, आणि तो कोड मोसंबीच्या गटाचा आहे. फायटोवर ‘सिट्रस रेटिक्युलाटा’ आणि बिलावर मोसंबीचा कोड असेल तर तिकडचा अधिकारी माल बाजूला काढणारच. संत्र्याच्या निर्यातीला परवाना लागत नाही, निर्यात शुल्कही नाही. ‘लायसन्स काढून देतो’ म्हणत पैसे मागणाऱ्यापासून सावध राहावे.

आता फायटो, म्हणजे फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट. मालात कीड-रोग नाही याची आपल्या सरकारने परदेशी सरकारला दिलेली ही हमी. अर्ज केंद्राच्या वनस्पती क्वारंटाइन विभागाच्या पीक्यूएमएस पोर्टलवर होतो, पण त्याची सुरुवात ढाक्यात होते. तिथल्या आयातदाराला त्यांच्या कृषी विस्तार खात्याच्या क्वारंटाइन विभागाकडून इम्पोर्ट परमिट घ्यावे लागते. त्यात फळाचे नाव, प्रमाण, देश, प्रवेशाचे ठिकाण आणि अटी असतात. त्या परमिटची प्रत हाती आल्याशिवाय तोडणीची तारीख ठरवू नये. परमिटवर बेनापोल (पेट्रापोलसमोरचे बांगलादेशी ठाणे) असेल आणि बेनापोलला गर्दी म्हणून तुम्ही ट्रक घोजाडांगा-भोमऱ्याच्या दुसऱ्या ठाण्याकडे वळवला, तर तो माल तिथे उतरणार नाही. आयातदाराचे नाव, वजन, प्रवेशाचे ठिकाण, शास्त्रीय नाव या चार गोष्टी परमिट, बिल, पॅकिंग लिस्ट आणि फायटो या चारही कागदांवर सारख्या हव्यात.

वजनाचा घोळ सर्वांत जास्त होतो. आमच्याच उदाहरणात निव्वळ वजन १७,६०० किलो. रिकामा क्रेट १ किलो ८०० ग्रॅमचा धरला तर ८०० क्रेटचे १,४४० किलो, म्हणजे एकूण १९,०४० किलो. पॅकिंग लिस्टमध्ये एकूण वजन आणि फायटोवर निव्वळ, असे झाले की कागद परत येतो. क्रेट दोन प्रकारचे असतील तर रिकामे वजन वेगवेगळे भरते, तेव्हा एका ट्रकला एकाच मापाचे क्रेट वापरावेत.

तपासणीत माल नापास होण्याची कारणे दरवर्षी तीच असतात : फळासोबत आलेली पाने, क्रेटच्या तळाला चिकटलेली माती, सालीवर खवले कीड, कँकरचे खरबरीत डाग, फळमाशीने डंख मारलेले फळ. फळमाशीच्या डंखाची जागा सुरुवातीला टाचणीच्या टोकाएवढी असते, ट्रकच्या उबेत चार दिवसांत आत अळी वळवळते. बगीच्यात गळलेली फळे रोज उचलून खड्ड्यात पुरणे आणि फळमाशीचे सापळे लावणे हे फायटोचेच काम आहे, ते ऑगस्टमध्ये सुरू व्हावे लागते. लाकडी पेटी वापरणार असाल तर लाकडावर आयएसपीएम-१५ चा शिक्का हवा. लाकडाच्या गाभ्याला ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे दिल्याची किंवा दुसरी मान्य प्रक्रिया केल्याची ती खूण असते. आणि पेटीत तणस (भाताचा पेंढा) मुळीच भरू नये. तणस हा वनस्पतीचाच भाग आहे, त्यातून कीड जाते आणि त्यावरूनही माल अडतो. प्लास्टिकच्या क्रेटमध्ये हे दोन्ही प्रश्न उरत नाहीत.

तोडणीबद्दल थोडे, कारण कागद निर्दोष आणि माल सडका असेही होते. फळ ओढून तोडले की देठाजवळची साल फाटते, आणि तिथून हिरवी-निळी बुरशी शिरते. कात्रीने, देठ फळाच्या खांद्याबरोबर ठेवून कापावे. देठ लांब राहिला तर शेजारच्या फळाला टोचतो. सकाळी दव असताना तोडू नये. त्या वेळी साल पाण्याने तट्ट असते, हाताच्या दाबाने तेलाच्या ग्रंथी फुटतात आणि दोन दिवसांनी तिथे तपकिरी चट्टे उठतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आपल्याकडे ऊन चांगले वर येईपर्यंत दव सुकत नाही. मजूर लवकर येतात म्हणून तोडणीही लवकर सुरू होते, आणि चट्ट्यांचा दोष मग वाटेतल्या उन्हाला दिला जातो.

सीमेवरचा कागद. कस्टम कायदा १९६२ च्या कलम ५० नुसार समुद्र किंवा हवाई मार्गाने जाणाऱ्या मालाला शिपिंग बिल आणि जमिनीवरून जाणाऱ्या मालाला बिल ऑफ एक्सपोर्ट लागते. बोलताना सगळे शिपिंग बिलच म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. ते आइसगेटवर भरले जाते. कस्टम ब्रोकर भरतो किंवा निर्यातदार स्वतः भरू शकतो. ब्रोकर ठेवलात तरी मसुदा मागवून चार रकाने स्वतः वाचावेत.

पहिला, निर्यातदाराचे नाव आणि कोड. दुसरा, राज्य आणि जिल्हा. १५ फेब्रुवारी २०२० पासून माल मूळ कोणत्या राज्यातला, कोणत्या जिल्ह्यातला हे भरणे सक्तीचे आहे. ब्रोकरने सवयीने उत्तर २४ परगणा टाकले की अमरावतीचा संत्रा सरकारी आकडेवारीत बंगालचा होतो. जिल्हा निर्यात केंद्रांच्या योजना, शीतगृहांचे प्रस्ताव, सगळे याच आकड्यांवर उभे राहतात. तिसरा, रोडटेपचा, म्हणजे निर्यातमालावर बसलेले इतर कर परत देणाऱ्या योजनेचा, रकाना. १ जानेवारी २०२१ पासूनच्या या योजनेत त्या वेळी जो दर लागू असेल तो परतावा मिळतो, पण तो हवा असल्याचे प्रत्येक वस्तूपुढे बिलातच नोंदवावे लागते. माल गेल्यावर ही नोंद दुरुस्त करून घेणे अतिशय अवघड आहे. चौथा, बँक खाते आणि एडी कोड.

ट्रकबाबत एक सूचना. पेट्रापोलला पलीकडे जाण्यासाठी पश्चिम बंगाल सरकारच्या ‘सुविधा’ पोर्टलवर ट्रकची वेळ आरक्षित करावी लागते, आणि ती ट्रकच्या क्रमांकावर असते. वरुडपासून पेट्रापोल बाराशे-तेराशे किलोमीटर. रायपूर किंवा संबलपूरजवळ ट्रक बिघडला आणि माल दुसऱ्यात टाकला, तर बिल्टी (ट्रान्सपोर्टरची मालाची पावती), पॅकिंग लिस्ट आणि सुविधाची नोंद तिन्ही बदलावी लागतात. ड्रायव्हरने हे त्याच क्षणी कळवायचे असते, पेट्रापोलजवळच्या बनगावला पोहोचल्यावर नाही. शुक्रवारी बेनापोलला आयात-निर्यातीचे काम बंद असते. बुधवारी रात्री किंवा गुरुवारी दुपारनंतर पोहोचणारा ट्रक शनिवारपर्यंत उभा राहण्याचा धोका असतो. तोडणीचा वार बगीच्यात मजूर कधी मिळतात यावरून ठरवण्यापेक्षा सीमेवरून उलटा मोजून ठरवावा. बँकांचेही तसेच : तिकडे शुक्रवार-शनिवार सुट्टी, इकडे रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार. एलसीत दुरुस्ती हवी असेल तर दोन्हीकडच्या बँका उघड्या असलेले दिवस सोमवार ते गुरुवार एवढेच.

आता एलसी. आमच्या लोकांचे सर्वांत जास्त पैसे इथे जातात. एलसी म्हणजे आयातदाराच्या बँकेची हमी, पण ती हमी कागदांवर असते, मालावर नसते. संत्रा अव्वल असला आणि कागदात एक अक्षर चुकले तर बँक पैसे रोखू शकते. मग आयातदाराचा फोन येतो की कागदात दोष आहे, किलोला अमुक रुपये कमी घ्या तर सोडवतो. माल तोवर पलीकडे उतरलेला असतो, मागे आणता येत नाही.

एलसीचा मसुदा आला की या गोष्टी पाहाव्यात. ‘पार्शल शिपमेंट’ला, म्हणजे माल तुकड्यातुकड्याने पाठवायला, मनाई नसावी. पाच ट्रकची एलसी असेल आणि ते वेगवेगळ्या दिवशी निघाले, तर मनाई असताना दुसरा ट्रकच दोष ठरतो. ‘ट्रान्सशिपमेंट’ला परवानगी हवी, कारण बेनापोलला माल आपल्या ट्रकमधून उतरून त्यांच्या ट्रकमध्ये चढतो. वाहतुकीचा कागद म्हणून ट्रकची बिल्टी चालेल असे स्पष्ट लिहिलेले असावे. अनेक बँका आयबीए (इंडियन बँक्स असोसिएशन) मान्यताप्राप्त ट्रान्सपोर्टरचीच बिल्टी मागतात, गावातल्या ओळखीच्या ट्रकवाल्याची चालत नाही. प्रमाण किलोत लिहून घ्यावे. एलसीचे आंतरराष्ट्रीय नियम, यूसीपी ६००, प्रमाणात पाच टक्के कमी-जास्त चालवून घेतात, पण प्रमाण क्रेटच्या संख्येत दिलेले असेल तर ही सवलत नाही. संत्र्याचे वजन वाटेत घटते, काही क्रेट फुटतात. ८०० क्रेट असे लिहून घेणारा ७९६ क्रेटवर अडकतो, १७,६०० किलो लिहून घेणाऱ्याला ८८० किलोपर्यंत वाव राहतो. माल रवाना झाल्यापासून २१ दिवसांत आणि एलसीच्या मुदतीच्या आत कागद बँकेत पोहोचायला हवेत. बँकेला ते तपासायला पाच कामकाजाचे दिवस मिळतात.

भाव ठरवताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बांगलादेशचे कस्टम आपल्या बिलातल्या भावाऐवजी त्यांनी धरलेल्या किमान किमतीवर कर लावते. त्यामुळे आपण भाव पाच रुपयांनी उतरवला तरी कर तेवढाच राहतो आणि आपली सूट ग्राहकापर्यंत पोहोचत नाही. बिलात भाव कमी दाखवण्याचा आग्रह काही आयातदार करतात. तो मान्य करू नये. बँकेत येणारी रक्कम आणि शिपिंग बिलावरची रक्कम जुळली नाही तर ती नोंद निर्यातीचा पैसा आला की नाही हे पाहणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस प्रणालीत तुमच्या नावावर उघडी राहते, आणि पुढच्या हंगामात बँक तुमचे कागद हाताळायला तयार होत नाही. १ ऑक्टोबर २०२५ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने दहा लाख रुपयांपर्यंतची बिले निर्यातदाराच्या स्वयंघोषणेवर बंद करण्याची मुभा दिली आहे. संत्र्याचा एक ट्रक बहुधा या मर्यादेत बसतो. शाखेत हे माहीत नसेल तर परिपत्रक दाखवून मागावे.

ज्यांना पहिल्याच वर्षी एवढे झेपणार नाही, त्यांच्यासाठी मधला रस्ता आहे. देशाच्या व्यापार धोरणात ‘थर्ड पार्टी एक्सपोर्ट’ची तरतूद आहे. अनुभवी निर्यातदार माल पाठवतो, पण शिपिंग बिलावर दोघांची नावे येतात. ठोक्याचा सौदा करताना उत्पादक कंपनीने ही अट करारात लिहून घ्यावी, सोबत शिपिंग बिलाची प्रत आणि जिल्ह्याचा रकाना अमरावती, नागपूर किंवा वर्धा भरण्याची अटही. व्यापाऱ्याला याचा काही खर्च नाही. नकार दिला तर का दिला, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

एवढे सगळे कास्तकाराने करायचे असेल तर सरकारनेही काही करावे.

आंबियाच्या हंगामात फायटो देणारा अधिकारी ठरलेल्या वारी वरुड, मोर्शी, काटोल आणि कारंजा घाडगेच्या पॅकिंग केंद्रांवर बसावा. आज तपासणीची वेळ मिळेपर्यंत तोडलेला माल थांबतो, आणि हे फळ थांबणारे नाही. दुसरे, समुद्रमार्गे जाणाऱ्या कंटेनरला कारखान्यातच इलेक्ट्रॉनिक सील लावून पाठवण्याची सोय २०१७ पासून आहे. तशीच व्यवस्था बंद ट्रकसाठी नागपूरच्या कस्टमने करावी, म्हणजे बनगावला माल पुन्हा उघडण्याचे प्रसंग कमी होतील. तिसरे, अनुदान द्यायचे तर ते सप्टेंबरपूर्वी जाहीर व्हावे, म्हणजे सौद्याच्या भावात ते मागता येईल. त्यासाठी अर्जासोबत ज्या बगीच्यांतून माल आला त्यांचे सातबारे आणि शेतकऱ्याला बँकेतून दिलेल्या रकमेचा पुरावा जोडणे सक्तीचे करावे.

केंद्राकडे मागणी वेगळी आहे. बांगलादेशने मे २०२२ मध्ये फळांवर वीस टक्के नियामक शुल्क लावले, जानेवारी २०२५ मध्ये पूरक शुल्क वीसवरून तीस टक्के केले. दिल्लीने ढाक्याशी बोलून निदान ऑक्टोबर ते जानेवारी या चार महिन्यांत ठरावीक टनांपर्यंत कमी दराचा कोटा मिळवावा. आणि जे नियम पूर्णपणे आपल्याच हातात आहेत, ते तरी पेरणीआधी सांगावेत. कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्ट २०२५ ला उठवले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. तेव्हा यवतमाळ-अमरावतीत कपाशी पात्या-फुलांवर होती, पेरा बदलण्याची वेळ केव्हाच गेली होती. तुरीची मुक्त आयातही २०२१ पासून अशीच वर्षावर्षाने वाढवली गेली. आयात-निर्यातीचे दर आणि मुदती ३१ मेपूर्वी जाहीर करून निदान एक हंगाम तरी बदलू नयेत.

शेवटची मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे. शिपिंग बिलांवर अमरावती, नागपूर आणि वर्धा जिल्ह्यांच्या नावाने किती टन संत्रा नोंदवला गेला, हा आकडा दरवर्षी एप्रिलमध्ये बाजार समितीच्या फलकावर लावावा. बाजार समितीची आवक आणि हा आकडा शेजारी ठेवले की किती माल दुसऱ्याच्या नावाने गेला ते कोणालाही मोजता येईल.

आपला,
निर्यातीच्या कागदपत्रांचे काम करणारा एक वाचक
ता. वरुड, जि. अमरावती